शंभल, बेयुल आणि कर्दळीवन: गुप्त अध्यात्मकेंद्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुप्त अध्यात्मकेंद्र असे नेमके कशाला म्हणायचे?

पृथ्वीवरच, परंतु सामान्य वाटसरूच्या वाटेबाहेर एक स्थान आहे. तेथे सिद्ध, ऋषी किंवा धर्मपालक राजे राहतात. बाहेरच्या जगात धर्म क्षीण झाला तरी तेथे तो जपला जातो आणि योग्य काळी तेथूनच पुन्हा प्रकट होतो, अशी श्रद्धा ज्या कथांच्या मुळाशी आहे, त्या कथांचा विचार येथे केला आहे. स्वर्ग, वैकुंठ किंवा बौद्धांची सुखावती यांच्याहून हे स्थान वेगळे असते, कारण तेथे जाण्यासाठी मरण यावे लागत नाही. वाट मात्र प्रत्येकाला दिसत नाही, आणि ती का दिसत नाही हे सांगण्यासाठीच यांतील बहुतेक कथा रचल्या गेल्या आहेत.

महाभारताच्या शांतिपर्वातील नारायणीय उपाख्यानात याचे फार जुने आणि स्पष्ट उदाहरण मिळते. क्षीरसागराच्या उत्तरेला असलेल्या श्वेतद्वीपावर एकत, द्वित आणि त्रित हे तीन ऋषी दीर्घ तपश्चर्येनंतर पोहोचतात, परंतु तेथील तेजाने त्यांचे डोळे दिपतात आणि ज्याच्यासाठी ते आले त्या नारायणाचे दर्शन न घेताच त्यांना परतावे लागते. नारदाला मात्र ते दर्शन घडते. एकान्तिक भक्तीवाचून ते रूप दिसत नाही, असे उपाख्यान सांगते. द्वीपापर्यंत पोहोचणे आणि द्वीपावर जे आहे ते दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार पुढे ज्या ज्या परंपरेत गुप्त स्थानाची कथा आली, तेथे कोणत्या ना कोणत्या रूपात पुन्हा भेटतो.

शंभलचा उल्लेख हिंदू ग्रंथांत कोठे येतो?

वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला कलियुगाचे वर्णन ऐकवतात, तेव्हा त्याच्या अखेरीस संभल नावाच्या गावी, ब्राह्मणाच्या घरी कल्की विष्णुयशा जन्माला येईल असे सांगतात. विष्णुपुराण आणि भागवतपुराण यांत तपशील थोडा बदलतो. भागवताच्या बाराव्या स्कंधात विष्णुयश हे पित्याचे नाव आहे आणि शंभलग्रामातील त्या प्रमुख ब्राह्मणाच्या घरी कल्की प्रकट होतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुराणांतले शंभल हे गुप्त नाही. ते एक गाव आहे, एवढेच पुराणे सांगतात. गुप्तवासाची कल्पना त्याच स्कंधात, त्याच अध्यायात, पण दुसऱ्या गावाविषयी येते. शंतनूचा भाऊ देवापी आणि इक्ष्वाकू वंशातील मरू हे दोन राजे योगबळाने आजही कलापग्रामात राहतात आणि कलियुगाच्या शेवटी वासुदेवाच्या प्रेरणेने वर्णाश्रमधर्माची पुन्हा स्थापना करतील, असे भागवत म्हणते. कालचक्रतंत्र या बौद्ध तंत्रग्रंथात शंभलच्या राजधानीचे नाव ‘कलाप’ असेच आहे. ज्या काळात आणि ज्या प्रदेशात हे ग्रंथ आकाराला आले, तेथे दोन्ही परंपरांचे विद्वान एकमेकांच्या कथा जवळून जाणत होते, याचा यापेक्षा ठळक पुरावा शोधूनही सापडणार नाही.

बौद्ध परंपरेतील शंभल कसे आहे?

कालचक्रतंत्र भारतात अकराव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आले आणि लवकरच तिबेटमध्ये पोहोचले. तिबेटी साठ वर्षांचे चक्र इसवी सन १०२७ पासून, म्हणजे प्रभव संवत्सरापासून मोजले जाते आणि त्याचा संबंध याच तंत्राच्या आगमनाशी जोडतात. आपल्या पंचांगातही प्रभव हेच पहिले संवत्सर आहे, आणि शके १९०९ मध्ये, म्हणजे १९८७ साली, मराठी पंचांगात आणि तिबेटी गणनेत नवे चक्र एकाच वर्षी सुरू झाले.

परंपरेनुसार शंभलचा राजा सुचंद्र आंध्रातील धान्यकटक, म्हणजे आजच्या अमरावतीच्या स्तूपापाशी आला, तेथे त्याने भगवान बुद्धांकडून कालचक्राचा उपदेश घेतला आणि परत जाऊन बारा हजार श्लोकांचे मूलतंत्र रचले. ते मूलतंत्र आज समग्र उपलब्ध नाही. सेकोद्देशासारखे त्याचे अंश तेवढे हाती आहेत. चौदाव्या दलाई लामांनी जानेवारी २००६ मध्ये कालचक्र अभिषेकासाठी, म्हणजे या तंत्राच्या दीक्षेसाठी, अमरावतीची निवड केली ती याच कथेमुळे.

या ग्रंथपरंपरेत शंभलचे वर्णन अतिशय तपशिलाने येते. शीता नदीच्या उत्तरेला, हिमपर्वतांच्या वर्तुळात, आठ पाकळ्यांच्या कमळासारखा तो देश आहे. त्यात ९६ कोटी गावे आहेत. मध्यभागी कलाप नगरी आहे आणि तिच्या दक्षिणेला मलय नावाच्या उद्यानात सुचंद्राने उभारलेले कालचक्राचे मंडल आहे. सात धर्मराजे झाल्यावर पंचवीस कल्कींची मालिका सुरू होते; कल्की ही येथे शंभलच्या राजांची पदवी आहे. त्यांतला पहिला मंजुश्री यश आणि दुसरा पुंडरीक; विमलप्रभा ही प्रसिद्ध टीका या पुंडरीकाच्या नावावर आहे.

मंजुश्री यशाची कथा मला या साऱ्या साहित्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. शंभलमध्ये वैदिक मार्गाने चालणारे साडेतीन कोटी ऋषी होते आणि सूर्यरथ हा त्यांचा प्रमुख होता. राजाने त्यांना सांगितले की सर्वांनी एकाच वज्रकुलाचा अभिषेक घ्यावा, नाहीतर देश सोडावा. ऋषींनी आपला मार्ग सोडण्याऐवजी देश सोडला आणि ते दक्षिणेकडे निघाले. तेव्हा राजाने समाधीच्या बळाने त्यांना मोहित करून परत आणले आणि अखेर त्यांनी अभिषेक मागून घेतला. सर्व वर्णांना एका कुलात आणणारा म्हणून तो कल्की ठरला. म्हणजे शंभल हे सुरुवातीपासून एकमताने नांदणारे स्थान आहे असे ग्रंथकारही म्हणत नाहीत; मतभेद, देशत्याग आणि सत्तेचा आग्रह हे सर्व त्या कथेत आहे, आणि लोकप्रिय वर्णनांमधून नेमका हाच भाग गळालेला असतो.

शंभलचे सैन्य म्लेंच्छांशी युद्ध करील, हे खरे आहे का?

कालचक्रतंत्रात तशी भविष्यवाणी आहे. पंचविसावा कल्की रौद्रचक्री सैन्यासह बाहेर पडेल, म्लेंच्छांचा पराभव करील आणि नवे सत्ययुग सुरू होईल, असे ते सांगते. प्रचलित गणनेने तो काळ २४२४ सालाच्या सुमारास येतो. ग्रंथात मक्का आणि बगदाद यांचे उल्लेख आहेत आणि म्लेंच्छांच्या उपदेशकांची नावेही आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी वायव्येकडून स्वाऱ्या होत असताना आणि मध्य आशियातील बौद्ध विहार ओस पडलेले असताना हा मजकूर रचला गेला, हे ध्यानात घेतले की त्यातील भीती समजते.

परंतु त्याच तंत्राच्या अध्यात्मपटल या प्रकरणात हे युद्ध साधकाच्या देहात लढले जाते असेही स्पष्ट सांगितले आहे. तेथे कल्की म्हणजे सम्यक ज्ञान, त्याचे चतुरंग सैन्य म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा, आणि शत्रू म्हणजे अज्ञान व अकुशल कर्म. ही नंतरच्या कोणी केलेली सारवासारव नव्हे. मूळ रचनेतच बाह्य आणि आध्यात्मिक असे दोन स्तर आहेत. आज कोणत्याही समाजाविरुद्ध या भविष्यवाणीचा दाखला देणारा माणूस अर्धाच ग्रंथ वाचून बोलत असतो, आणि ते निर्भीडपणे सांगितले पाहिजे.

शंभल नकाशावर दाखवता येईल का?

प्रयत्न पुष्कळ झाले. १७७५ मध्ये पंचेन लामा लोबसांग पाल्देन येशे यांनी शंभलच्या वाटेचा ग्रंथ लिहिला. त्यात आरंभी ओळखू येणारा भूगोल आहे. पुढे मात्र वाट राक्षसी, मंत्र आणि दैवी साहाय्य यांच्या प्रदेशात शिरते आणि प्रवाशाची पात्रता हाच प्रवासाचा विषय होऊन जातो. हंगेरीचे विद्वान चोमा द कोरोश यांनी १८३३ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात शंभलचे स्थान ४५ ते ५० उत्तर अक्षांशांच्या दरम्यान असल्याची माहिती दिली. शीता नदी म्हणजे तारीम की सिरदर्या, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. इकडे उत्तर प्रदेशातील संभल हेच कल्कीचे गाव, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे.

चौदाव्या दलाई लामांनी १९८५ मध्ये बोधगया येथील कालचक्र अभिषेकाच्या वेळी सांगितलेला आशय असा: पूर्वकर्माचा विशेष संबंध असलेल्यांना तेथे जाता येईलही, परंतु शोधून सापडेल असे ते भौगोलिक स्थान नव्हे, ती मानवलोकातील शुद्धभूमी आहे. मला हे उत्तर पुरेसे वाटते. मध्य आशियातील एखाद्या खऱ्या राज्याची स्मृती शंभलच्या वर्णनात मिसळलेली असू शकते, पण ते राज्य उद्या उत्खननात सापडले तरी कालचक्राच्या साधकाला जे हवे आहे ते त्या उत्खननातून मिळणार नाही.

बेयुल म्हणजे काय? ते शंभलहून वेगळे कसे?

बेयुल म्हणजे हिमालयातील गुप्त दऱ्या. गुरू पद्मसंभवांनी आठव्या शतकात संकटकाळातील आश्रयासाठी त्या राखून ठेवल्या आणि त्यांच्या वाटांचे ग्रंथ खडकांत, सरोवरांत दडवून ठेवले, अशी तिबेटी बौद्धांच्या निंगमा परंपरेची श्रद्धा आहे. हे ग्रंथ शोधून प्रकट करणाऱ्यांना तेर्तोन म्हणतात. चौदाव्या शतकातील रिग्झिन गोदेम हे त्यांपैकी एक प्रमुख. शंभल आणि बेयुल यांतला फरक ठळक आहे. बेयुलमध्ये खरी गावे आहेत, शेती आहे, माणसे नांदतात आणि पाऊसही पडतो. तरीही त्या दरीचा एक आतला भाग असा असतो की जो केवळ अधिकारी साधकाला उघडतो.

सिक्कीम हे असेच एक बेयुल, देमोजोंग. १६४२ मध्ये युकसोम येथे तीन लामांनी फुन्त्सोग नामग्याल यांना चोग्याल, म्हणजे धर्मराजा, म्हणून अभिषेक केला, तेव्हा राज्याची स्थापना याच श्रद्धेच्या आधारावर झाली. ती श्रद्धा आजही किती जिवंत आहे हे पाहायचे असेल तर दोन घटना आठवाव्यात. युकसोमजवळच्या राथोंग चू जलविद्युत प्रकल्पामुळे हे पवित्र क्षेत्र बाधित होईल म्हणून लोकांनी त्याला विरोध केला आणि १९९७ मध्ये सरकारने तो रद्द केला. २०१६ मध्ये युनेस्कोने कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानाला निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर जागतिक वारसा ठरवले, तेव्हा बेयुलची संकल्पना त्या निर्णयाचा महत्त्वाचा आधार होती. १९५५ मध्ये कांचनजंगावर प्रथम चढाई करणारे जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड हेही शिखराच्या अगदी वरच्या टोकावर पाऊल न ठेवता थांबले, कारण तसा शब्द सिक्कीमला दिलेला होता.

दुसरे मोठे बेयुल पेमाको. अरुणाचलातील सियांग नदीचे वरचे खोरे आणि तिबेटातील त्सांगपोचे घनदाट जंगलातील वळण मिळून हा प्रदेश होतो. तो वज्रवाराही देवीचा देह मानला जातो आणि त्यात देवीची पाच चक्रे सांगितली जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व तिबेटच्या खाम प्रांतातील कुटुंबे चिनी सैन्याच्या जाचाला कंटाळून याच भूमीच्या शोधात दिबांग खोऱ्यातील मिपीपर्यंत येऊन पोहोचली. तेथील अतिवृष्टी, रोगराई आणि इदू मिश्मींशी झालेले संघर्ष यांमुळे अनेकांना मागे फिरावे लागले. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी मिपीला गेले, तेव्हा मागे राहिलेली थोडी माणसे त्यांना तेथे भेटली. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी तुलशुक लिंगपा हे लामा शेकडो अनुयायांसह देमोजोंगचे आतले दार उघडण्यासाठी कांचनजंगाच्या हिमनद्यांकडे गेले आणि हिमकडा कोसळून त्यांचा मृत्यू झाला. अनुयायी घरदार विकून आले होते. ही श्रद्धा भोळी होती असे म्हणून हात झटकणे मला जमत नाही. मातृभूमी हातातून जात असताना किंवा गेल्यावर माणसे या दऱ्यांकडे निघाली होती, हे विसरून त्यांच्याविषयी बोलणे अन्यायाचे होईल.

मराठी परंपरेत असे गुप्त स्थान आहे का?

आहे, आणि ते मराठी घरांत इतके परिचित आहे की शंभलच्या संदर्भात त्याची आठवण सहसा होत नाही. श्रीगुरुचरित्रानुसार श्रीनृसिंहसरस्वती बहुधान्य संवत्सरी, म्हणजे शके १३८० मध्ये, माघ वद्य प्रतिपदेच्या सुमारास गाणगापुराहून श्रीशैलाला गेले, पाताळगंगेत पुष्पासनावर बसून निघाले आणि प्रसादाची फुले प्रवाहातून शिष्यांकडे परत आली. दत्तभक्तांच्या श्रद्धेनुसार ते कर्दळीवनात गुप्त झाले. जाताना त्यांनी भक्तांना जे सांगितले ते फार मोलाचे आहे: लोकांच्या दृष्टीने आपण श्रीपर्वताला जात आहोत, परंतु गुप्तरूपाने आपला वास गाणगापुरातच राहील. गुरू एकाच वेळी दूरच्या अरण्यात आणि भक्ताच्या गावात असतात. त्यामुळे कर्दळीवनाला जाऊ न शकणाऱ्या भक्ताचे काहीही कमी होत नाही, आणि शंभलच्या शोधकथांत सहसा न मिळणारा हा दिलासा गुरुचरित्राने पारायण करणाऱ्या प्रत्येकाला दिला आहे.

अक्कलकोटचे श्रीस्वामी समर्थ हे नृसिंहसरस्वतींचेच रूप असून लाकूडतोड्याची कुऱ्हाड वारुळावर पडल्यावर ते कर्दळीवनातील समाधीतून प्रकट झाले, ही कथाही भाविकांमध्ये प्रसिद्ध आहे. हेच वन केवळ दत्तसंप्रदायाचे नाही. बाराव्या शतकातील कन्नड शिवशरणी अक्कमहादेवी यांनी श्रीशैलाच्या कदळीवनात चेन्नमल्लिकार्जुनाशी ऐक्य साधले, असे वीरशैव मानतात. दोन भाषांच्या, दोन उपासनामार्गांच्या भक्तांनी एकाच वनाला अंतिम स्थान मानावे, हे दख्खनच्या धर्मजीवनाला साजेसे आहे.

महानुभाव पंथात आणखी वेगळी धारणा आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले आणि ते तेथे आजही आहेत, असे पंथीय मानतात. त्यांच्या वियोगाने व्याकूळ झालेले नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. उत्तरापंथाचा नकाशा कोणी काढला नाही, वाटेचे ग्रंथ रचले नाहीत. आचार्यांनी स्वामींच्या लीळा आठवून आठवून सांगितल्या, म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या आणि त्यातून लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ उभा राहिला. दूर गेलेल्या गुरूचा शोध स्मरणाने घेण्याची ही रीत मला इतर सर्व रीतींहून अधिक जवळची वाटते.

ज्ञानगंजविषयी काय सांगता येईल?

ज्ञानगंजची, म्हणजे सिद्ध योग्यांच्या गुप्त आश्रमाची, कल्पना शिक्षित वाचकांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः काशीचे महामहोपाध्याय गोपीनाथ कविराज (१८८७–१९७६) यांच्या लेखनातून. त्यांचे गुरू विशुद्धानंद परमहंस यांनी तिबेटातील त्या आश्रमात योग आणि सूर्यविज्ञान शिकल्याचे सांगितले होते. कविराज हे काशीच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य आणि तंत्रशास्त्राचे थोर अभ्यासक होते, म्हणून त्यांच्या साक्षीला वजन आहे. मात्र ती गुरूवरील श्रद्धेतून दिलेली साक्ष आहे आणि तशीच ती वाचावी. त्या नावाने आज फिरणाऱ्या उपग्रहचित्रांचा कविराजांच्या लेखनाशी संबंध नाही.

इस्लाम आणि ख्रिस्ती परंपरांत अशा कथा आहेत का?

इराणी तत्त्वज्ञ शिहाबुद्दीन सुहरावर्दी यांना ११९१ मध्ये हलब (सीरियातील अलेप्पो) येथे देहदंड झाला. त्यांच्या ग्रंथांत जाबलका, जाबरसा आणि हूरकल्या या नगरांचा उल्लेख येतो. इंद्रियांचे जग आणि शुद्ध बुद्धीचे जग यांच्या मधल्या स्तरावर ही नगरे आहेत. तेथे रूप असते, आकार असतो, पण मातीचे जडत्व नसते. हे मधले जग काल्पनिक नसून खरे आहे, असा त्यांचा ठाम सिद्धान्त आहे. शंभल खरे की खोटे एवढाच प्रश्न विचारणाऱ्याने हा सिद्धान्त अवश्य समजून घ्यावा, कारण खऱ्याखोट्याच्या दोनच कप्प्यांत न बसणारी तिसरी शक्यता इतक्या काटेकोरपणे फार थोड्यांनी मांडली आहे. शिया पंथात बारावे इमाम इसवी सन ८७४ पासून अदृश्य असून योग्य काळी प्रकट होतील अशी श्रद्धा आहे. ते राहतात त्या हिरव्या बेटाची कथा मात्र नंतरची आहे आणि सर्व शिया विद्वान ती मानत नाहीत.

ख्रिस्ती युरोपात तेराव्या शतकाच्या आरंभीच्या एका जर्मन काव्यात ग्रेल या पवित्र वस्तूचा किल्ला येतो, आणि जो तो शोधायला निघतो त्याला तो सापडत नाही. रशियात सतराव्या शतकाच्या मध्यात चर्चच्या विधींत बदल झाले, तेव्हा जुने विधी न सोडणाऱ्यांचा छळ झाला. त्यांच्यामध्ये बेलोवोद्ये या दूर पूर्वेच्या देशाची कथा पसरली. तेथे खरे धर्मगुरू आहेत आणि राजाचे शिपाई पोहोचत नाहीत, असे ती सांगे. हाताने नकललेल्या प्रवासपत्रिका गुपचूप फिरत, आणि शेतकरी कुटुंबे अल्ताई पर्वतांपर्यंत जात. १८९८ मध्ये उरल भागातील कोसॅकांनी आपले तीन प्रतिनिधी पाठवले. ते कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, श्रीलंका, चीन आणि जपान असे फिरून रिकाम्या हाताने परतले आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

चीनमध्ये काय आढळते?

पूर्वसमुद्रातील पेंगलाई बेट आणि पश्चिमेकडील कुनलुन पर्वत ही अमरांची स्थाने प्रसिद्ध आहेत. सम्राट छिन श्ह ह्वांगने इसवी सनपूर्व २१९ मध्ये श्यु फू याला पेंगलाईच्या शोधात पाठवले होते. ताओ परंपरेत पर्वतांच्या पोटातील स्वर्गीय गुहांची यादीच आहे, आणि त्यांतले बरेच पर्वत आजही यात्रास्थाने आहेत.

युरोपीयांना शंभल प्रथम केव्हा कळले?

सतराव्या शतकात, आणि त्यात भारतातील येशूसंघीय (जेझुइट) मिशनऱ्यांचा वाटा आहे. हिमालयापलीकडे विस्मृतीत गेलेला ख्रिस्ती समाज असावा अशी त्यांची आशा होती. गोवा प्रांताचे पाद्री आंतोनियो द आंद्रादे १६२४ मध्ये आग्र्याहून निघून पश्चिम तिबेटातील त्सापारांगला पोहोचले. पुढे ते गोव्यात प्रांतप्रमुख झाले आणि १६३४ मध्ये तेथेच विषप्रयोगाने मरण पावले. कोचीनच्या मलबार प्रांतातून गेलेले इस्तेव्हाँव काचेला आणि जुवाँव काब्राल १६२७ मध्ये भूतानात तेथील राज्यप्रमुख झाब्द्रुंग नवांग नामग्याल यांना भेटले. तेथे त्यांनी शंभल हे नाव ऐकले आणि तो देश म्हणजे कॅथे (चीन) असावा असा काचेला यांचा तर्क झाला. १६३० मध्ये शिगात्से येथे काचेला यांचे निधन झाले. त्यानंतर जवळजवळ दोन शतके युरोपात या नावाची फारशी चर्चा झाली नाही.

आगार्था हे नाव कोणत्या भारतीय ग्रंथात आहे?

कोणत्याही नाही. आगार्था ही आधुनिक पाश्चात्त्य लेखनातील गुप्त भूमिगत नगरी आहे. चंद्रनगरला न्यायाधीश असलेले फ्रेंच लेखक लुई जाकोलियो यांनी १८७३ मध्ये अस्गार्था या प्राचीन भारतीय नगरीची कहाणी छापली. साँ-इव्ह द आल्व्हेद्र यांनी १८८६ मध्ये तिला भूमिगत जागतिक धर्मपीठाचे रूप दिले, परंतु स्वतःच छापील प्रती नष्ट केल्या. ते पुस्तक १९१० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, लोकांसमोर आले. १९२२ मध्ये पोलिश लेखक ओसेंदोव्स्की यांनी मंगोलियातील प्रवासवर्णनात जवळजवळ तेच वर्णन लामांच्या तोंडी घातले, आणि १९२७ मध्ये फ्रेंच विचारवंत रने गेनों यांनी त्याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. दरम्यान थिऑसॉफिकल सोसायटीने हिमालयातील महात्म्यांची कल्पना जगभर नेली. तिच्या संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले. १८८२ च्या अखेरीस अड्यारला जाईपर्यंत सोसायटीचे मुख्यालय मुंबईतच होते आणि तिचे मासिकही ऑक्टोबर १८७९ मध्ये येथूनच सुरू झाले.

म्हणून जगातील सर्व धर्मांचे एकच गुप्त मुख्यालय आहे, ही कल्पना वयाने दीडशे वर्षांचीही नाही. ती वसाहतींच्या काळातील आहे आणि एका केंद्रातून पृथ्वीवर कारभार चालवणाऱ्या साम्राज्यांची छाया तिच्यावर स्पष्ट दिसते. हिमालयातील, दख्खनमधील किंवा अल्ताईतील मूळ कथांना जगाचा कारभार नको होता. त्यांना आसरा, गुरू आणि धर्माचे सातत्य हवे होते.

हिटलरने शंभलच्या शोधात मोहीम पाठवली होती का?

अर्न्स्ट शेफर यांची जर्मन मोहीम १९३८–३९ मध्ये तिबेटात गेली आणि नाझींच्या एसएस संघटनेचा तिला आश्रय होता, हे खरे आहे. परंतु तिचे काम प्राणी, वनस्पती व बियाणे गोळा करणे, चित्रीकरण करणे आणि वंशवादी सिद्धान्तासाठी माणसांच्या कवट्यांची मापे घेणे हे होते. शंभलच्या शोधाची जोड तिला नंतरच्या सनसनाटी पुस्तकांनी दिली. सोव्हिएत बाजूला मात्र खरोखर तसे काही घडले होते: गुप्त पोलीस खात्यातील ग्लेब बोकी आणि संशोधक अलेक्सांद्र बार्चेंको यांनी १९२० च्या दशकात शंभल मोहिमेची योजना आखली, ती रद्द झाली आणि स्टालिनच्या काळात दोघांनाही गोळ्या घालण्यात आल्या.

शांग्री-ला आणि शंभल एकच का?

नाही. शांग्री-ला हे १९३३ च्या एका इंग्रजी कादंबरीतील कल्पित मठाचे नाव आहे. चीनने २००१ मध्ये युन्नानमधील झोंगद्यान परगण्याला ते अधिकृतपणे दिले, आणि त्याचे कारण पर्यटन हे होते.

मग सर्व परंपरा वेगवेगळ्या नावांनी एकाच स्थानाविषयी बोलत आहेत, असे म्हणता येईल का?

माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते श्रद्धेच्या अभावातून आलेले नाही. बेलोवोद्ये शोधणाऱ्याला छळापासून मुक्त असलेला पुरोहित हवा होता, कालचक्राच्या साधकाला अभिषेकाची अखंड परंपरा, पेमाकोला निघालेल्या कुटुंबाला उपजाऊ आणि सुरक्षित जमीन, दत्तभक्ताला आपल्या गुरूंचा सहवास. ज्याने जे गमावले किंवा जे गमावण्याची भीती बाळगली, त्याच्या आकाराचे त्याचे स्थान झाले. या सर्वांवर एकच नाव चिकटवले की प्रत्येकाचे विशिष्ट दुःख आणि विशिष्ट साधना दोन्ही पुसली जातात. साम्य आहे ते प्रवेशाच्या अटीत: मनाची शुद्धी, गुरूंची आज्ञा आणि हव्यासाचा अभाव. एवढे साम्यही थोडे नाही, आणि त्यासाठी एखाद्या भूमिगत राजधानीची गरज नाही.

एखादी व्यक्ती आपला अशा केंद्राशी संपर्क असल्याचे सांगत असेल तर काय करावे?

त्या व्यक्तीची गुरुपरंपरा उघडपणे विचारावी, आणि संपर्काच्या मोबदल्यात पैसा, मालमत्ता, मौन किंवा कुटुंबाशी फारकत मागितली जात असेल तर तेथून उठून यावे. वर सांगितलेल्या कोणत्याही जुन्या परंपरेत हे दार शुल्क घेऊन उघडत नाही.

यांपैकी कोणती स्थाने प्रत्यक्ष पाहता येतात?

अमरावतीच्या स्तूपाचे अवशेष सर्वांना खुले आहेत. युकसोम येथील राज्याभिषेकाचे स्थान सहज पाहता येते. तेथून पुढे राष्ट्रीय उद्यानात जाण्यासाठी परवाना लागतो, आणि सिक्कीमच्या बाजूने कांचनजंगाच्या शिखरावर चढाईला परवानगी नाही. पेमाकोच्या भारतीय भागात, तूतिंगकडे, जाण्यासाठी अरुणाचलचा इनर लाइन परवाना आवश्यक आहे. कर्दळीवनाची परिक्रमा श्रीशैलाहून होडीने कृष्णा ओलांडून सुरू होते. महाराष्ट्रातून अनेक भाविक तेथे जातात. नल्लमल्लाचे हे जंगल वाघांचे संरक्षित क्षेत्र आहे, म्हणून वनखात्याचे नियम पाळावेत, उन्हाळा आणि पावसाळा टाळावा, माहितगार स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा आणि प्लास्टिक परत आणावे. गुडघ्यांचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ही चाल करू नये. त्यांच्यासाठी गाणगापूर आहेच.